उभं तळं

मॅडमच्या चित्रातलं तळं उभं आहे, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या परातीसारखं. आत कमळं, कमळांची पानं, कडेची फरशी, सगळं जिथल्या तिथं, आणि पाण्याचा एक थेंब सांडत नव्हता. ज्यांनी आपल्याला काम दिलं त्यांच्या तळ्यात आपण खोट काढायची नाही, एवढं नववीतून शाळा सोडलेल्यालाही कळतं.

मी तळकोकणातला. मावसभावानं चितेगावच्या कंपनीत चिकटवतो म्हणून इकडं आणलं. कंपनी मला चिकटली नाही. हातात कला एकच, नावं रंगवायची. गावाकडं मी होडीवर मासे धरायला जायचो आणि होड्यांवर नावं घालत असे. इथं होड्या कुठून आणणार? पण मी आलो त्याच सुमारास शहराचं नाव बदललं होतं आणि दुकानांच्या पाट्यांवर नवं नाव घालायचं काम निघालं होतं. नवं नाव लांब, पाटी तेवढीच. अक्षरं दाटीवाटीनं बसवावी लागत, तरी वाचता आली पाहिजेत. ते मला जमायचं. आई फोनवर अजून विचारते, "औरंगाबादेक आसस मा रे?" मी म्हणतो, "होय गे, थंयच."

पाट्या संपल्या तेव्हा कुणीतरी एका संस्थेच्या वनस्पती बागेत पाठवलं. तिथं झाडांच्या बुंध्यापाशी नावांच्या पाट्या लावायच्या होत्या. वर मराठी नाव, खाली लॅटिन. लॅटिनमधलं एक अक्षर मला कळत नसे, त्यामुळं एक अक्षर चुकत नसे. बघून बघून उतरवायचं. राहायला पंपाशेजारची खोली मिळाली. पंप सुरू झाला की खोलीतला पेला हळूहळू सरकत टेबलाच्या कडेला यायचा आणि मी झोपेतून उठून त्याला मागं सारायचो. तरी मला ती खोली राजवाड्यासारखी वाटे. मावसभावाच्या खोलीत आम्ही इतके जण होतो की कूस बदलायची तर आधी विचारावं लागे.

त्या पाट्यांवरून मॅडमनी मला हेरलं. त्या चित्रकला शिकवायच्या, दुसऱ्या कॉलेजात. संस्थेची तपासणी करायला बाहेरची समिती यायची होती, म्हणून बागेच्या रस्त्याकडच्या लांब भिंतीवर बागेचंच मोठं चित्र काढायचं काम त्यांना दिलं होतं. एका पाटीसमोर उकिडव्या बसून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, लॅटिन चुकलं.

"हात फार स्थिर आहे रे तुझा," त्या म्हणाल्या.

माझ्या हाताबद्दल तोवर मास्तरांनी एवढंच म्हटलेलं की पुढं कर. मी कानापर्यंत लाल झालो.

मॅडमनी मला भिंतीच्या कामाला घेतलं आणि एकदा स्कूटरवर बसता बसता सांगितलं, "साहेबांना भिंत पसंत पडली की मी तुझ्यासाठी शब्द टाकणार. बागेला कायमचा रंगारी हवाच आहे. नाही पडली तर मात्र..." आणि त्या निघून गेल्या. 'मात्र'च्या पुढचं त्यांना बोलायला नको वाटलं असेल. मला ते पाठच होतं. खोली रिकामी, पिशवी खांद्यावर, आणि कोकणात जाणारी गाडी. तिकडं धाकटा भाऊ आता होडीवर जातो, माझ्या जागेवर. तिथं परत जाऊन मी कुठं बसणार?

मॅडम काढायच्या तसली चित्रं मी आधी कधी पाहिली नव्हती. त्याला घनवाद म्हणतात, क्युबिझम. मला समजावं म्हणून त्या मला नागफणीपाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "समोरून बघ. काय दिसतं?"

"पंजा. नाहीतर भाकरी."

"आता इकडून बाजूनं बघ."

बाजूनं बघितलं तर भाकरी गायब आणि नुसती काटेरी रेघ.

"मग नागफणी खरी कशी आहे? भाकरी की रेघ?"

मी घाबरलो. असल्या प्रश्नांमुळंच मी शाळा सोडली होती.

"दोन्ही," त्याच म्हणाल्या. "म्हणून आपण दोन्ही एकदम दाखवायचं. समोरून, बाजूनं, वरून. सगळं एकाच वेळी."

तेव्हा तळ्याचं कोडं सुटलं. तळं वरून पाहिलेलं होतं, म्हणून उभं. वाट समोरून आणि बाजूनं, म्हणून मधेच तुटून हातभर सरकलेली. मेंदीचं कुंपण करवतीच्या दात्यांसारखं. आणि बागेतला एकुलता एक बॉटल पाम, बाटलीसारख्या पोटाचा, चित्रात तीन जागी उभा, त्यातला एक झिंगल्यासारखा कललेला. रंग सगळे खाकी, राखाडी, वाळक्या पानांचे. भिंतीसमोर चहाची गाडी लावणारे चाचा ते बघून म्हणाले, "बाग का चित्तर है ये? मेरेकू तो लगा बाग गिर गया।"

मॅडमनी आधी हे चित्र कागदावर रंगवून साहेबांना दाखवलं. साहेब म्हणजे संस्थेचे प्रमुख. माणूस चांगला, पण त्यांच्या पुढ्यात कुठलाही कागद आला की ते कोपऱ्यात 'मंजूर' लिहून सही करत. लग्नाच्या पत्रिकेवरही करत असतील. मॅडमच्या चित्रावरही त्यांनी केली, थेट कललेल्या पामच्या बुडाशी. मॅडमनी कपाळाला हात लावला.

आता छोटं चित्र मोठ्या भिंतीवर चढवायची आम्हा पाटीवाल्यांची एक रीत आहे. चित्रावर उभ्याआडव्या रेघा मारून चौकोन पाडायचे. भिंतीवर सुतानं तेवढेच मोठे चौकोन पाडायचे. वरून आकडे, बाजूनं अक्षरं. मग एकेक चौकोन बघायचा आणि तेवढाच उतरवायचा. पूर्ण चित्राकडं बघायचंच नाही. मूळ चित्रावर रेघा कशा मारणार, म्हणून मी झेरॉक्स काढली, तिच्यावर पट्टीनं चौकोन पाडले आणि ती पंपाच्या भिंतीवर खिळ्याला लावली.

तिथं ती मुकादमांनी पाहिली.

मुकादमांना सगळे मामा म्हणत. बागेतल्या माळ्यांवर त्यांची हुकमत. सकाळी "जय भीम" म्हणत फाटकातून आत येत आणि आल्या आल्या प्रत्येक नळाची तोटी आवळत. आमच्याकडं महापालिकेचं पाणी किती दिवसांनी येईल याचा नेम नसतो. बागेची विहीर उन्हाळ्यात खोल जाते. मामा पाण्याला जपत तसं मी कुणाला सोन्याला जपताना पाहिलेलं नाही.

"हे काय रं, कोकणी?" त्यांनी चष्मा वर करून विचारलं.

"बागेचं चित्र, मामा. साहेबांनी मंजूर केलंय."

"व्हय, सही हाय की." त्यांनी सहीवर बोट फिरवलं. मग चौकोन मोजल्यासारखं केलं. "समिती यायच्या आत करायचं का समदं?"

"हो. मॅडम म्हणाल्यात, त्याआधी पूर्ण झालंच पाहिजे."

"लई काम हाय," मामा म्हणाले. मी म्हटलं, हो ना. आम्ही दोघांनी उसासा टाकला. मला त्यांच्या सहानुभूतीनं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी आपली वेगळी झेरॉक्स काढून आणली.

त्यानंतर मी परांचीवर, तोंड भिंतीकडं आणि पाठ रस्त्याकडं. बाग भिंतीच्या पलीकडं. दिवसभर आतून कात्र्यांचे आवाज यायचे, फावड्यांचे यायचे. वाटायचं, समिती येणार म्हणून साफसफाई चाललीय. मॅडमच्या कॉलेजात परीक्षा होत्या. त्या संध्याकाळी स्कूटरवरून येत, भिंतीपाशीच थांबत, "हा कोन थोडा आणखी धारदार कर," असं काही सांगून जात. आत जायला त्यांना वेळ नव्हता.

एके दिवशी संध्याकाळी मी हातपाय धुऊन खोलीकडं चाललो होतो. मेंदीचं कुंपण करवतीच्या दात्यांसारखं दिसलं. मी डोळे चोळले. दिवसभर तेच रंगवत होतो, म्हटलं, डोळ्यांत बसलं असेल.

दोन दिवसांनी वाट तुटलेली दिसली. फरशा उखडून अर्धी वाट हातभर डावीकडं सरकवली होती. मी त्या तुटक्या जागी उभा राहिलो, एक पाय इकडं, एक तिकडं. पायाला तर खरंच लागत होतं. पण मॅडम म्हणाल्या होत्या, एकदा बघायला शिकलास की सगळीकडं तसंच दिसेल. मला वाटलं, मी शिकलो. आणि शिकलो याची इतकी धास्ती वाटली की रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी मी चाचांना फाटकातून आत बोट दाखवून विचारलं, "चाचा, वो झाड आपको सीधा दिखता क्या?"

चाचांनी किटली खाली ठेवली. "कौनसा? तीन हैं ना बाटलीवाले। एक का पेट खराब है, झुका हुआ है।"

"तीन?"

"गिन ले। तेरेकू कित्ते दिखरे?"

मला तीनच दिसत होते. चाचांनाही तीन दिसत होते. म्हणजे डोळे शाबूत होते. तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला.

आत गेलो तर दोन नवे पाम रोपवाटिकेतून कुंड्यांसकट आणून जमिनीत गाडलेले, एकाला दोरीनं ओढून कलता केलेला. दोरीचं टोक धरून आमच्याकडं निंदणीला असलेली अक्का बसली होती.

"अक्का, हे काय?"

"मला काय इचारतो? मामा म्हनले, एवढा कलव. तेवढा कलला की सांगा, म्या म्हनलं." तिनं तंबाखू मळत पामकडं पाहिलं. "मला वाटलं, साहेबाची सून आली आसंल फॉरेनवरनं. तिची आवड. शिकल्याली मानसं, काय बी आवडतं त्यास्नी."

मी मामांना शोधत सुटलो. ते तळ्यावर होते. कमळांचं ते तळं म्हणजे सिमेंटचा मोठा गोल हौद. मामा कठड्यावर बसले होते, मांडीवर झेरॉक्स. दोन माळी खालची तोटी उघडायला पाना घेऊन उभे. जवळ एक पहार.

मला बघून मामांचा चेहरा उजळला. "बरं झालं आलास. समदं जमलं बघ. कुपन झालं, वाट झाली, झाडं झाली. पन एक सांग मला." त्यांनी कागद माझ्यापुढं धरला आणि चौकोनावर बोट ठेवलं. त्यांचा आवाज खाली आला. "तळं उभं कसं करायचं?"

मी वाकून चौकोन बघितला. माझाच होता.

"म्या लई इचार केला. पानी काढावं लागंल आधी. मग हौद एका बाजूनं फोडायचा आन भिताडासारखा उभा बांधायचा. पन उभ्या तळ्यात पानी ठरंल कसं? काच लावायची का? आन कमळं?" त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "साहेबानं सही केली हाय म्हंजी काही तरी इचार केलाच आसंल. पन एवढं पानी, बाबा. ह्या दिसांत. म्या ही तोटी कंदी उघडली नाय."

त्या क्षणी मला बोलायला हवं होतं पण मी आधी हिशेब करत बसलो. हिशेब सरळ होता. आता हे उघडं पडलं की विचारणा होणार, हे चौकोन कुणी पाडले? पट्टी कुणाची? खोलीत कोण राहतं? मॅडमचं नाव खराब, मामांची नोकरी पणाला आणि मी गाडीत. दुसरीकडं पाना तोटीवर चढला होता.

"मामा, थांबा," मी म्हणालो. "हा नकाशा नाही. हे चित्र आहे."

"चित्रच की. बागंचं."

"नाही म्हणजे, बाग आहे तिचं चित्र. बाग करायची तसं नाही. बाहेर भिंतीवर काढतोय ना मी, तेच."

"मंग सही कशापायी?"

"चित्र आवडलं म्हणून."

"आवडलं तर आवडलं म्हनावं. मंजूर कशाला लिवायचं?" मामांना हे पटेना. "आन ह्ये चौकोन? आकडे टाकल्यात तू. आमच्या जन्मात ह्या बागंत चौकोनाचा कागद आला आन खोदकाम झालं नाय असं झालं नाय."

"ते भिंतीवर चढवायला पाडलेत, मामा. आम्ही असंच करतो."

दोन्ही माळी आमच्याकडं बघत होते. त्यातल्या एकानं पाना हळूच पाठीमागं लपवला, जणू त्याचाच गुन्हा.

मामांनी एकदा कागदाकडं, एकदा तळ्याकडं पाहिलं. पाण्यावर वाऱ्यानं पानं हलत होती. मला वाटलं, आता ते ओरडणार. मी शिव्या खायची तयारीही केली. पण मामांनी झेरॉक्सची घडी घातली, खिशात ठेवली आणि हौदाच्या कठड्यावर असा हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवर फिरवतात.

"म्हंजी ह्येला आडवंच ऱ्हाऊ द्यायचं?"

"आडवंच."

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि हसायला लागले. ते हसले म्हणून माळी हसले. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर समिती होती, उद्याची.

"पण मामा, कापलेलं आता कसं चिकटवायचं?"

"मेंदी हाय ती, लेका. फुटंल. वाट रातीत हलवता येत न्हाय आन झाडं पुन्हा उपटली तर मरत्यात." मामा उठले. "तुमच्या कोकनात पान्याची ददात नाय म्हनून तुमी जरा कायतरी झालं का पाझरायला लागता. उद्या तू गप. म्या गप. इचारलं तर साहेबाची सही हाय माझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी समिती आली. पुढं साहेब, बरोबर पाहुणे, मागं मॅडम परीक्षेतून सुटी काढून आलेल्या, नव्या साडीत. मी परांचीच्या खांबाआड. साहेबांनी आधी भिंत दाखवली. पाहुण्यांनी माना हलवल्या. न कळलेल्या गोष्टीला माना हलतात तशाच. एक जण म्हणाले, "मॉडर्न आर्ट आहे, आपल्याला काय कळतंय." साहेबांचं तोंड उतरलं. त्यांना भिंत पसंत आहे की नाही हे पाहुण्यांच्या तोंडाकडं बघून ठरणार होतं, आणि माझं सगळं साहेबांच्या तोंडावर होतं. मी खांब घट्ट धरला.

मग सगळे फाटकातून आत गेले.

मी दबकत मागोमाग गेलो. पाहुणे मेंदीकडं बघत होते. मग तुटक्या वाटेकडं. मग तीन पामांकडं. अक्का दोरी सोडायची विसरली होती, तशीच बसून होती. मॉडर्न आर्ट म्हणालेले पाहुणे मागं वळले, फाटकाबाहेर जाऊन भिंतीकडं बघून परत आले.

"अरे, हुबेहूब आहे हो!" ते म्हणाले. "मॅडम, मला वाटलं तुम्ही मनानं काहीतरी काढलंय. हे तर जसंच्या तसं!"

साहेबांचा चेहरा खुलला. "आमच्या मॅडम निरीक्षण करूनच काढतात," ते म्हणाले. बाग कधी अशी झाली, हे त्यांना आठवत नव्हतं. पण आपल्या बागेत आपल्याला न आठवणारं काही असू शकतं, हे त्या पाहुण्यांसमोर ते कशाला बोलतील? सगळ्यांनी फोटो काढले, भिंतीचा एक, बागेचा एक, शेजारी शेजारी.

मॅडम मात्र वाटेच्या तुटक्या जागी उभ्या होत्या, परवा मी उभा होतो तशाच, एक पाय इकडं, एक तिकडं. मी जवळ गेलो तेव्हा त्या इतकंच पुटपुटल्या, "हुबेहूब म्हणाले रे. आयुष्यात मला कुणी हुबेहूब म्हटलं नव्हतं." मला वाटलं त्या आनंदल्या. नीट पाहिलं तर डोळ्यांत पाणी होतं. मामांनी मागून येऊन त्यांना सारं सांगितलं, सहीपासून पान्यापर्यंत. त्या आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. त्यांचं हे ऋण मी कशानं फेडणार?

तेवढ्यात तळ्यापाशी गेलेले साहेब तरातरा परत आले.

"मॅडम, सगळं बरोबर आहे. पण तळं चुकलं." त्यांनी भिंतीच्या दिशेनं हात केला. "तळं आडवं आहे आपलं. भिंतीवर उभं आलंय. कुणी रंगवलं ते?"

मी पुढं झालो. "मी, साहेब."

"कायम आहेस का इथं?"

"नाही, साहेब."

"मग दुरुस्त कोण करणार?" ते मामांकडं वळले. "तळं नीट होईपर्यंत याला सोडू नका. खोली वगैरे आहे ना याला? असू दे." आणि ते पाहुण्यांच्या मागं चहाला गेले.

मी मॅडमकडं बघितलं. "उद्यापासून आडवं करायला घेऊ, मॅडम?"

मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्याकडून काहीच शिकलो नव्हतो. "तळ्याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं हुबेहूब झालंय. या अख्ख्या भिंतीवर आता तेवढंच चित्र उरलंय."

आता दोन हुकूम आहेत. साहेबांचा हुकूम, तळं आडवं होईपर्यंत याला ठेवा. मॅडमचा हुकूम, तळं उभंच राहील. दोन्ही माणसांचे माझ्यावर उपकार आहेत. मी कुणालाही दुखवत नाही. सकाळी परांचीवर चढतो, तळ्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसतो, कमळाच्या एखाद्या पाकळीला उजाळा देतो आणि उतरून पाट्यांकडं जातो. मामा पंधरवड्याला मेंदीचे दाते पुन्हा कापून घेतात, कारण बाग चित्राप्रमाणं ठेवा, असा साहेबांचा लेखी आदेश आलाय. सहीसकट.

साहेबांची गाडी फाटकात शिरताना कधी कधी थांबते. काच खाली होते.

"तळ्याचं कुठवर आलं?"

"चालू आहे, साहेब."

"सावकाश कर. पण नीट कर."

"हो, साहेब," मी म्हणतो, आणि काच वर जाईपर्यंत कुंचला तळ्याच्या काठावर धरून ठेवतो.